सशांचे गणित आणि माणसांचा इतिहास: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कॅनडातील लिंक्स या रानमांजराविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. हडसन्स बे कंपनीने पिढ्यान्‌पिढ्या कातडीखरेदीच्या ज्या नोंदी ठेवल्या, त्यांवरून लिंक्सची संख्या साधारण दहा वर्षांच्या आवर्तनाने चढते आणि उतरते असे दिसते, आणि स्नोशू जातीच्या सशांच्या संख्येतील चढउतारांशी त्याचा जवळचा संबंध आहे, एवढा त्याचा सारांश. लेखाच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आले होते: हेच गणित काही अभ्यासक आता मानवी समाजांच्या दीर्घ इतिहासालाही लावू लागले आहेत. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली, तेवढी उरलेल्या सगळ्या लेखावर आली नाहीत. त्यांतील काही प्रश्न, सारखे असलेले एकत्र करून, येथे घेतले आहेत.

प्रश्न: मी अनेक वर्षे इतिहास शिकवला. माणूस विचार करतो, निर्णय घेतो, कायदे करतो, श्रद्धेसाठी मरतो. त्याला सशांच्या आणि किड्यांच्या रांगेत बसवून त्याच्या इतिहासाचे आलेख काढणे हा मला माणसाचा आणि इतिहासाचाही अवमान वाटतो. आपले मत काय?

उत्तर: आपला आक्षेप मला समजतो, परंतु त्यात घटनांचा क्रम उलटा झाला आहे. हे गणित सशांकडून माणसाकडे आलेले नाही. ते माणसापासूनच सुरू झाले. थॉमस माल्थस यांनी १७९८ मध्ये लोकसंख्येवरचा निबंध लिहिला तो मानवी समाजाविषयी होता. बेल्जियन गणिती पिएर फ्रान्स्वा व्हेर्हुल्स्ट यांनी १८३८ मध्ये ‘वाढ सुरुवातीला वेगाने होते आणि मर्यादेजवळ येताना मंदावते’ हे समीकरणात मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर देशांच्या लोकसंख्येचे आकडे होते. त्याच वर्षी चार्ल्स डार्विन यांनी माल्थस वाचला आणि जीवनकलहाची कल्पना त्यांना तेथे सापडली. पुढे विसाव्या शतकात हीच समीकरणे माशांना, किड्यांना, सशांना लावली गेली आणि परिस्थितिविज्ञान (इकॉलॉजी), म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांचा अभ्यास, नावाची एक भक्कम शाखा उभी राहिली. म्हणजे आज जे चालले आहे ती एक परतफेड आहे: दिलेले हत्यार दीडशे वर्षांनी धार लावून परत आले आहे.

आता अवमानाविषयी. माणूस निर्णय घेतो हे खरेच आहे, पण त्याला कोणते निर्णय घेण्याची मुभा उरते हे पुष्कळदा संख्येवर ठरते. एका शेतमालकाच्या दारात कामासाठी दहा माणसे उभी असणे आणि एकाच माणसासाठी दहा शेतमालकांनी धडपडणे, या दोन परिस्थितींत मजुरीच्या वाटाघाटी करणारी माणसे तितकीच बुद्धिमान असली तरी करार वेगळा होतो. परिस्थितिविज्ञानाचा दावा एवढाच आहे. कोणाच्या मनात काय होते हे ते सांगत नाही, आणि सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

प्रश्न: मी गणिताची विद्यार्थिनी आहे. संख्या वाढली, मर्यादेला पोचली, थांबली, इथवर समजते. पण मग ती खाली का येते आणि पुन्हा वर का जाते? कृपया समीकरणांशिवाय, पण आकड्यांनिशी सांगावे.

उत्तर: कागद-पेन्सिल घ्यावी, हे दहा मिनिटांत हाताने करता येते आणि हाताने केल्यावरच त्याची गंमत कळते.

एका बंदिस्त प्रदेशात १०० कुटुंबांपुरतेच अन्न पिकते आणि आज तेथे १० कुटुंबे आहेत असे धरू. या १०० ला त्या प्रदेशाची धारणक्षमता म्हणतात. प्रदेश रिकामा असेल तर कुटुंबे एका पिढीत ९० टक्क्यांनी वाढतील, परंतु प्रदेशाचा जेवढा हिस्सा भरलेला असेल त्या प्रमाणात हा दर कमी होईल: एकदशांश भरलेला असताना ८१ टक्के, निम्मा भरलेला असताना ४५ टक्के, पूर्ण भरल्यावर शून्य. या नियमाने पिढीगणिक आकडे असे येतात: १०, १८, ३१, ५१, ७३, ९१, ९८, १००. पुढे १०० वरच मुक्काम. खाली येण्याचा प्रश्नच नाही. आपल्याला समजले तेवढे हेच चित्र आहे.

आता नियमात एकच बदल करू. वाढीचा दर आजच्या गर्दीवर नव्हे, तर मागच्या पिढीतील गर्दीवर ठरतो असे धरू. बाकी सर्व तेच. (पहिल्या पायरीपुरती मागची पिढीही १० चीच घ्यावी.) आता आकडे येतात: १०, १८, ३३, ५७, ९१, १२७, १३७, १०४, ६९, ६७, ८६, १११. संख्या धारणक्षमता ओलांडून १३७ पर्यंत जाते, तेथून निम्म्यावर कोसळते आणि पुन्हा चढू लागते. हे हेलकावे पुढे हळूहळू लहान होत जातात, पण मूळचा ९० टक्क्यांचा दर १०० च्या वर नेऊन ठेवला तर ते थांबतच नाहीत. बाहेरून दुष्काळ आला नाही, साथ आली नाही, कोणी आक्रमण केले नाही. फक्त उत्तर उशिरा आले.

सगळी मेख या उशिरात आहे. इतिहासाला हे गणित लावताना पहिला प्रश्न ‘मर्यादा किती’ हा नसतो. ‘उशीर कशामुळे होतो’ हा असतो. माल्थसच्या मूळ मांडणीची उणीव येथे उघडी पडते, कारण उपासमार पिढीभर थांबत नाही. जन्मलेले मूल लगेच खाऊ लागते आणि पीक बुडाले की त्याच वर्षी धान्य महागते. अन्नाचे उत्तर इतके तातडीचे असेल तर आपल्याला पहिली मालिका मिळायला हवी, शंभरावर जाऊन स्थिरावणारी. प्रत्यक्षात अनेक कृषिप्रधान राज्यांत दोन-तीन शतके लांबीचे चढउतार दिसतात. तेव्हा अन्नाखेरीज असे काहीतरी असले पाहिजे जे सावकाश साठते आणि सावकाशच ओसरते.

लिंक्सच्या गोष्टीत ते ‘काहीतरी’ म्हणजे खुद्द लिंक्सची संख्या असते. ससे वाढले म्हणून लिंक्स दुसऱ्या दिवशी वाढत नाहीत, आणि ससे घटले तरी काही काळ लिंक्स भरपूरच असतात. या जोडगोळीचे गणित आल्फ्रेड लोटका यांनी १९२५ मध्ये आणि व्हितो व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. व्होल्तेरा यांना त्याकडे वळवले ते मासळीबाजाराच्या आकड्यांनी: पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मंदावली तेव्हा शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले दिसले होते.

प्रश्न: वरच्याच अनुषंगाने: मानवी समाजात लिंक्सची जागा कोणाची?

उत्तर: या प्रश्नावर या क्षेत्रातील सर्वांत रंजक काम झालेले आहे आणि वादही येथेच आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॅक गोल्डस्टोन यांनी १९९१ मध्ये अशी मांडणी केली की लोकसंख्या वाढल्याने राज्ये थेट कोसळत नाहीत; ती वाढ राज्याच्या तीन अवयवांना तीन वेगळ्या वाटांनी पोखरते. मजुरी घसरते आणि जमीन महागते, म्हणून सामान्य माणूस अस्वस्थ होतो. धान्य महागते, सैन्य आणि नोकरशाही फुगते, पण कर जुन्याच दराने येतो, म्हणून तिजोरी रिकामी होते. आणि स्वस्त मजुरी व जमिनीचा चढा खंड यांमुळे जमीनदारवर्गाची भरभराट होऊन त्याची संख्या वाढते. मानाची पदे मात्र तेवढीच राहतात. १६४२ चे इंग्लंडमधील यादवी युद्ध आणि १६४४ मध्ये चीनमधील मिंग राजवटीचा अंत या दोन घटना एकमेकींपासून हजारो मैलांवर दोनच वर्षांच्या अंतराने घडल्या, त्यांना त्यांनी या एकाच चौकटीत बसवले.

पीटर टर्चिन हे मूळचे कीटकसंख्येचे अभ्यासक. पाइन वृक्ष पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवर आणि लार्च वृक्षांवरील पतंगांच्या आवर्तनांवर त्यांनी काम केले होते. त्यांनी २००३ मध्ये गोल्डस्टोन यांच्या मांडणीला समीकरणांचे रूप दिले आणि या अभ्यासाला ‘क्लिओडायनॅमिक्स’ असे नाव दिले; क्लिओ ही ग्रीक पुराणकथांतील इतिहासाची देवता. त्यांच्या हिशेबात लिंक्सची जागा घेणारी, सावकाश हलणारी गोष्ट म्हणजे अभिजनांची संख्या आणि राज्याची तिजोरी. जमिनीवर राबणाऱ्यांची संख्या एका साथीत निम्मी होऊ शकते. अभिजनांची तितक्या झटपट घटत नाही, आणि पद व मानमरातब यांची अपेक्षा तर मुळीच घटत नाही. कीटकांचा अभ्यासक येथे उपयोगी पडला तो एवढ्यासाठी की उशिरा येणारे उत्तर ओळखण्याची सवय त्याच्या हाताला होती.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. १३४८ मध्ये प्लेग आला. त्याआधी पन्नास लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १३७७ च्या डोईपट्टीच्या नोंदींवरून सुमारे पंचवीस लाखांवर आलेली दिसते. जमीन मुबलक झाली आणि मजूर दुर्मीळ झाले. १३५१ मध्ये संसदेने कायदा करून मजुरी प्लेगपूर्व दरावर गोठवू पाहिली. तरीही ती चढली. साध्या माल्थसी गणिताने अशा सुकाळात संख्या तीन-चार पिढ्यांत भरून निघायला हवी होती. प्रत्यक्षात जवळजवळ दोनशे वर्षांनी, १५४१ मध्येही, ती सुमारे अठ्ठावीस लाखच होती. प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला हे याचे एक कारण, आणि ते मोठेच. टर्चिन त्यात दुसरे जोडतात: कुळे निम्मी झाली, पण त्यांच्यावर जगणारी उमराव घराणी त्या प्रमाणात कमी झाली नाहीत, त्यांचे उत्पन्न आटले, आणि आधी फ्रान्समधील युद्धाच्या लुटीवर, ती संपल्यावर १४५५ पासून एकमेकांवर तुटून पडून त्यांनी तो हिशेब मिटवला. ‘गुलाबांचे युद्ध’ म्हणून जे ओळखले जाते ते या दृष्टीने पाहिले तर राजवंशांच्या भांडणाइतकेच उमरावांच्या छाटणीचेही युद्ध होते.

चीनचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण तेथे अभिजनवर्गाचे दार एका परीक्षेच्या रूपाने डोळ्यांना दिसते. छिंग राजवटीत १७०० च्या सुमारास अंदाजे पंधरा कोटी असलेली लोकसंख्या १८५० पर्यंत त्रेचाळीस कोटींच्या आसपास गेली. राजसेवेच्या परीक्षांत उत्तीर्ण करायच्या उमेदवारांच्या कोट्यात मात्र त्या मानाने अगदी किरकोळ वाढ झाली. ग्वांगडोंग प्रांतातील एका खेड्यातील हाँग श्यूच्वान हा हुशार मुलगा. घराण्याने त्याच्या शिक्षणावर आशा लावलेल्या. तो प्रांताच्या राजधानीत जाऊन परीक्षेला बसला आणि नापास झाला. असे चार वेळा झाले. १८३७ मध्ये तिसऱ्या अपयशानंतर तो आजारी पडला आणि त्याला दृष्टांत होऊ लागले. १८४३ मधील चौथ्या अपयशानंतर एका ख्रिस्ती पुस्तिकेच्या आधारे त्याने त्या दृष्टांतांचा अर्थ लावला की आपण येशूचे धाकटे बंधू आहोत. त्याने उभ्या केलेल्या ताइपिंग बंडाने १८५३ मध्ये नानजिंग जिंकले आणि ते १८६४ पर्यंत चालले. त्यात दोन कोटींहून अधिक माणसे मेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

अशी गोष्ट ऐकली की गणित सिद्ध झाल्यासारखे वाटते, आणि येथेच सावध राहिले पाहिजे. परीक्षेत नापास झालेली लाखो माणसे गुपचूप घरी गेली. बंड शेजारच्या ग्वांगशी प्रांतात का पेटले याला अफूच्या युद्धाने विस्कटलेला व्यापार, हक्का समाज आणि जुने रहिवासी यांच्यातील भांडणे, शिवाय त्या धर्ममताची स्वतःची ओढ अशी अनेक कारणे होती. संख्येचे गणित हे सांगते की १८५० च्या चीनमध्ये अशा माणसाचे ऐकायला, त्याच्या सैन्यात अधिकारी व्हायला आणि त्याचा कारभार चालवायला एवढी शिकलेली, जमिनीवाचून राहिलेली आणि रागावलेली माणसे का उपलब्ध होती. त्याने येशूचा भाऊ होण्याचे का ठरवले हे ते गणित सांगू शकत नाही. माझ्या मते ही विभागणी मान्य केली तर इतिहासकार आणि गणिती यांच्यातील निम्मे भांडण संपते. उरलेले निम्मे बहुधा विद्यापीठांतील जागांसाठी असावे, आणि ते अभिजनांच्या अतिवाढीचेच उदाहरण ठरेल.

प्रश्न: धारणक्षमता हा शब्द मला फसवा वाटतो. बेटावरच्या प्राण्यांसाठी ठीक आहे. पण माणूस नवे बियाणे आणतो, कालवे खोदतो, धान्य आयात करतो. मग मर्यादा कोणती धरायची? आणि ईस्टर बेटाचे काय, जेथे माणसांनी सगळी झाडे तोडून स्वतःचा नाश करून घेतला असे सांगतात?

उत्तर: शब्द फसवा आहे हे मान्य. प्राण्यांच्या बाबतीत तो किती नेमका असू शकतो हे आधी पाहू, म्हणजे फरक कळेल. बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाने तेथील चौकीतल्या माणसांसाठी अडीअडचणीचे अन्न म्हणून २९ रेनडिअर सोडले. महायुद्ध संपले, माणसे गेली, रेनडिअर राहिले. शिकारी प्राणी नव्हता आणि जमिनीवर दगडफुलाच्या जातीच्या शैवाकांचा जाड थर होता. १९५७ मध्ये त्यांची संख्या १,३५० भरली आणि १९६३ च्या उन्हाळ्यात ६,०००. शैवाक अतिशय सावकाश वाढतात. कळपाने साठलेले भांडवल खाल्ले होते. पुढचा हिवाळा कडक गेला. १९६६ मध्ये मोजणी झाली तेव्हा ४२ उरले होते: ४१ माद्या आणि एकच नर, तोही विकृत शिंगांचा आणि बहुधा वांझ. काही वर्षांनी बेट पुन्हा रिकामे झाले. येथेही उशीर आहेच. तो शैवाकांच्या संथ वाढीत आहे.

माणसाच्या बाबतीत धारणक्षमता स्वतःच हलते. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९६५ मध्ये दाखवले की गर्दी वाढल्यामुळेच माणसे जमीन पडीक ठेवण्याचा काळ कमी करतात, खत घालू लागतात, वर्षाला दोन पिके घेतात. म्हणजे संख्या मर्यादेला धडकते तेव्हा कधी कधी मर्यादाच मागे सरते. हवेतील नायट्रोजनपासून कारखान्यात खत बनवण्याची पद्धत १९१३ मध्ये सुरू झाली, तिने तर ही मर्यादा कल्पनेपलीकडे ढकलली. याचा अर्थ मर्यादा नाही असा होत नाही. प्रश्न वेगाचा असतो: संख्या आधी वाढते की शेतीची पद्धत आधी बदलते.

उलट दिशेचे उदाहरण आयर्लंडचे आहे, आणि ते मला नेहमी अस्वस्थ करते. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर सुमारे ८१.७ लाख माणसे होती. १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले. सुमारे दहा लाख मेली आणि तितकीच देश सोडून गेली. रेनडिअरच्या किंवा सशांच्या गणिताने पाहिले तर इतक्या घसरगुंडीनंतर, उरलेल्यांना अधिक जमीन मिळाल्यावर, संख्या पुन्हा चढायला हवी. ती चढली नाही. १८५१ मध्ये ६५.५ लाख, १९०१ मध्ये ४४.६ लाख, आणि १९६१ मध्ये ४२ लाखांच्या आसपास. आजही आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड हे दोन्ही भाग मिळून बेटाची लोकसंख्या १८४१ पेक्षा कमी आहे. दुष्काळाने लोकांच्या रीतीच बदलल्या: जमिनीचे तुकडे न करता ती एकाच मुलाला द्यायची, लग्न उशिरा करायचे किंवा करायचेच नाही, आणि बाकीच्यांनी जहाज पकडायचे. शिवाय उपासमारीच्या वर्षांतही त्या बेटावरून धान्याची निर्यात चालू होती, तेव्हा ‘बेटावर किती पिकते’ आणि ‘बेटावरच्यांना किती मिळते’ हे दोन वेगळे प्रश्न होते. धारणक्षमतेचा आकडा वापरणाऱ्याने तो यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरला आहे हे आधी विचारावे.

ईस्टर बेटाची, म्हणजे रापा नुईची, कथा जितकी प्रसिद्ध आहे तितकी पक्की नाही. झाडे नाहीशी झाली हे खरे. पण युरोपीय १७२२ मध्ये तेथे पोचण्यापूर्वीच समाज आपसांत लढून कोसळला होता, या भागाला २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने मोठा धक्का दिला; सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची कोणतीही खूण त्यात सापडली नाही. जी खरोखर कोसळली ती १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामपकड्यांच्या धाडींनंतर आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या रोगांनी. १८७७ मध्ये बेटावर १११ मूळ रहिवासी उरले होते. सेंट मॅथ्यूची कथा रापा नुईवर जशीच्या तशी चिकटवणे सोपे होते, म्हणून ती चिकटवली गेली.

प्रश्न: जनगणना नव्हती त्या काळातील लोकसंख्या हे अभ्यासक आणतात कोठून? की आपल्या आलेखाला हवे ते आकडे घेतात?

उत्तर: शंका रास्त आहे. सर्वांत खात्रीचे काम इंग्लंडचे आहे. तेथे १५३८ मध्ये प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला. रिग्ली आणि स्कोफिल्ड या संशोधकांनी अशा ४०४ पॅरिशांच्या (एकेका चर्चच्या हद्दीतील वस्त्यांच्या) नोंदवह्यांवरून १५४१ ते १८७१ पर्यंतची लोकसंख्या मागे मागे मोजत नेली आणि ते काम १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. यादवी युद्धाच्या वर्षांत नोंदी विस्कळीत झालेल्या, वेगळ्या पंथाचे लोक चर्चच्या वहीत येत नसत. ही भोके त्यांना अंदाजाने बुजवावी लागली आणि कशी बुजवली ते त्यांनी लिहून ठेवले.

लेखन नव्हते त्या काळासाठी पुरातत्त्वज्ञ कोळसा, हाडे आणि धान्याचे दाणे यांच्या रेडिओकार्बन तारखा मोजतात: ज्या शतकातील अवशेष जास्त, त्या शतकात माणसे जास्त. युरोपातील हजारो तारखा एकत्र करून २०१३ मध्ये असे दाखवले गेले की शेती जेथे पोचली तेथे लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि काही शतकांनी अनेक प्रदेशांत तितकीच जोरात घसरली. मात्र जुने अवशेष अधिक प्रमाणात नष्ट होतात, आणि जेथे उत्खनने जास्त तेथे तारखाही जास्त. ही दुरुस्ती न करता काढलेला आलेख माणसांचा नसून उत्खननाच्या अनुदानांचा असू शकतो.

आकड्यांच्या हाताळणीचा एक धडा या क्षेत्राने चारचौघांत शिकला आहे. अनेक समाजांची माहिती एकत्र साठवणारा ‘सेशात’ नावाचा संग्रह २०११ मध्ये सुरू झाला. त्याच्या आधारे २०१९ मध्ये एक बहुचर्चित निबंध निघाला: नीतिनियमांवर लक्ष ठेवणारे देव मोठे समाज घडल्यानंतर येतात, आधी नाही. टीकाकारांनी तपासले तेव्हा आढळले की ज्या समाजांबद्दल माहितीच उपलब्ध नव्हती, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी विश्लेषणात ‘असे देव नव्हते’ असे धरले गेले होते. लेखन सुरू होण्यापूर्वीच्या समाजाने आपल्या देवांविषयी काही लिहून ठेवले नाही यात नवल ते काय! २०२१ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. कच्ची माहिती खुली ठेवलेली होती म्हणून चूक सापडली, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न: माझ्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ‘संघटनांचे परिस्थितिविज्ञान’ असा एक धडा आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर: आहे, चुलत घराणे म्हणा. मायकेल हॅनन आणि जॉन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये प्रश्न विचारला: इतक्या तऱ्हेच्या संघटना का असतात? त्यांचे उत्तर असे की संघटना स्वतःला फारशा बदलत नाहीत. जुन्या मरतात, नव्या जन्मतात आणि त्यातून चित्र बदलते. वृत्तपत्रे आणि कामगार संघटना यांच्या दीर्घ नोंदींवर या विचाराची चाचणी झाली. प्राण्यांपेक्षा एक गोष्ट येथे वेगळी दिसते: एखाद्या प्रकारच्या संघटना अगदी थोड्या असतात तेव्हा प्रत्येक नवी संघटना बाकीच्यांना मान्यता मिळवून देते, आणि स्पर्धेची झळ पुढे, गर्दी झाल्यावर लागते.

प्रश्न: शेवटी मुद्द्याचे विचारतो. या गणिताने पुढचे सांगता येते का?

उत्तर: तीन भाकिते सांगतो. फळमाश्या बाटलीत वाढवून त्यांचे आलेख काढणारे रेमंड पर्ल यांनी लोवेल रीड यांच्यासह १९२० मध्ये अमेरिकेच्या लोकसंख्येला लॉजिस्टिक वक्र (व्हेर्हुल्स्ट यांच्या समीकरणाचा, आधी वेगाने चढून मर्यादेजवळ मंदावणारा) बसवला आणि तिची कमाल मर्यादा १९ कोटी ७२ लाख ७३ हजार काढली. शेवटचे तीन हजार मोजण्याचा आत्मविश्वास कौतुकास्पद आहे. वक्र १९५० पर्यंत बरा चालला; १९६७ मध्ये लोकसंख्येने वीस कोटींचा आकडा ओलांडला. दुसरे, हाइन्झ फॉन फर्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मागील दोन हजार वर्षांच्या जागतिक लोकसंख्येला एक सूत्र बसवून दाखवले की ती शुक्रवार, १३ नोव्हेंबर २०२६ रोजी अनंत होईल. त्यांत थट्टा होती, पण सूत्र तोवरच्या आकड्यांना चांगलेच बसत होते. त्याच दशकात जगाच्या लोकसंख्यावाढीचा दर शिखरावर पोचून उतरू लागला आणि सूत्र निकामी झाले. दोन्ही ठिकाणी वक्र जुन्या आकड्यांतून नेमका जात होता. तो तसा का जातो याचे कारण मात्र मांडलेले नव्हते, म्हणून वळण केव्हा येईल हे कळायला मार्ग नव्हता.

तिसरे टर्चिन यांचे. २०१० मध्ये त्यांनी लिहिले की अमेरिका आणि पश्चिम युरोपात येते दशक वाढत्या राजकीय अस्थैर्याचे असेल आणि २०२० च्या सुमारास ते शिगेला पोचेल. त्यामागे नुसता वक्र नव्हता, कारणेही होती: खुंटलेली खरी मजुरी, पदवीधरांची आणि धनिकांची पदांच्या मानाने वाढलेली संख्या, सरकारी कर्ज. २०२० मध्ये अमेरिकेत काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. हे भाकीत पहिल्या दोघांहून वरच्या प्रतीचे आहे असे मी मानतो, परंतु ते एकच आहे, आणि त्या वर्षी साथही आली होती, जी त्यांच्या समीकरणांत नव्हती. इतर देशांसाठी, तारखेसह, आगाऊ लिहून ठेवलेली अशी आणखी दहा-बारा भाकिते तपासायला मिळेपर्यंत मी आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘दिशा सांगता येते, तारीख नाही’ असेच देईन.